भाताचं नवं वाण निवडताना: एफ-२ पासून एफ-७ पर्यंत उतारा कधी बघायचा आणि कधी अजिबात बघायचा नाही

आजरा-भुदरगडच्या पट्ट्यात घनसाळ लावणाऱ्या कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास सांगतील. शिजायला घातला की गल्लीभर वास सुटतोय, आणि ऐन दाणा भरायच्या टायमाला वारा-पाऊस आला की सगळं रान आडवं होतंय. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं हक्काचं भात, पण उंच वाढतंय आणि उतारा कमी, म्हणून बरीच पोरं इंद्रायणीकडं वळली. आता इंद्रायणी तरी काय आहे, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा क्रॉस, वडगाव मावळच्या केंद्रातनं १९८७ ला आलेलं वाण. देशी वासाचं भात आणि बुटकं जास्त उताऱ्याचं भात एकत्र आणायचं आणि पुढं पिढी दर पिढी निवडत जायचं, हेच काम. क्रॉसच्या पहिल्या पिढीला एफ-१ म्हणतात, तिच्या बियातनं आलेली एफ-२, असं पुढं एफ-७ पर्यंत. हे काम फक्त संशोधन केंद्रातच होतंय असं नाही, चार गुंठे रान, वही, सुतळी आणि सात-आठ वर्षं दम असेल तर शेतकऱ्याला किंवा गटाला करता येतंय. मी गेली नऊ वर्षं घरच्या रानात हे करतोय, त्यात जे कळलं ते सगळं इथं पहिल्यापासून लिहितो.

आधी माझी चूक, कारण तीच सगळ्यांकडनं होते

माझी पहिली एफ-२ पिढी रानात होती तेव्हा मला वाटलं, सोपं आहे, जे झाड जास्त भरलंय ते घ्यायचं. काढणीला एकेक चूड (एका जागचं फुटव्यांसकट झाड) वेगळी कापली, झोडपली, काट्यावर वजन केलं आणि सगळ्यात जड चाळीस चुडांचं बी ठेवलं. पुढच्या वर्षी त्यांच्या चाळीस ओळी लावल्या आणि शेजारी न निवडलेल्या मिसळ बियाच्या ओळी लावल्या. दोन्हीत फरक शोधून सापडेना. मग मागची वही काढून बघितलं तर त्या चाळिसातल्या बऱ्याच चुडा बांधाच्या कडेच्या होत्या, आणि काही जिथं पूर्वी शेणखताचा ढीग पडला होता तिथल्या. बांधाकडच्या झाडाला एका बाजूनं ऊन मोकळं, मुळाला जागा मोकळी, ते भरणारच, त्यात त्याच्या रक्ताचा काय संबंध. एक अख्खं वर्ष गेलं.

यामागचं गणित समजून घ्या, कारण पुढची सगळी पद्धत त्याच्यावरच उभी आहे. समजा रानाची सरासरी चुडीला १६ ग्रॅम आहे आणि तुम्ही निवडलेल्या चुडांची सरासरी ३० ग्रॅम आली. म्हणजे १४ ग्रॅमनं वरचढ झाडं घेतली. पुढच्या वर्षी त्यांच्या पोरांची सरासरी १७.४ आली, तर १४ पैकी फक्त १.४ ग्रॅम पोरांत उतरलं, म्हणजे दहा टक्के. याला हेरिटॅबिलिटी म्हणतात, आईबापाचा वरचढपणा पोरात किती उतरतो त्याचा हिस्सा. एकेकट्या झाडाच्या उताऱ्यात हा हिस्सा फार कमी असतोय कारण खत, ऊन, पाणी, शेजारचं झाड, सगळ्याचा परिणाम त्यात मिसळलेला असतोय. पण फुलोऱ्याला लागणारे दिवस, झाडाची उंची, दाण्याचा आकार, हजार दाण्यांचं वजन यांच्यात तो हिस्सा बराच जास्त असतोय. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांत दिवस, उंची, दाणा, लोंबी आणि रोग यांच्यावर निवडायचं, आणि उतारा म्हणजे वजन, ते शेवटच्या पिढ्यांसाठी राखून ठेवायचं. हा क्रम उलटा केला की माझ्यासारखं वर्ष वाया जातंय.

उतारा म्हणजे नक्की काय काय

भाताचा उतारा चार गोष्टींच्या गुणाकारानं बनतोय: चौरस मीटरला किती चुडा, चुडीला किती लोंबी धरणारे फुटवे, लोंबीला किती भरलेले दाणे, आणि दाण्याचं वजन. २० बाय १५ सेंटीमीटरवर लावण केली तर चौरस मीटरला ३३ चुडा बसतात. प्रत्येकीला ८ लोंब्या, लोंबीला १०० भरलेले दाणे, हजार दाण्यांचं वजन २० ग्रॅम, तर झाले ५२८ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला साधारण ५३ किलो, एकरी २१ क्विंटल. आता मोह असा होतोय की यातलं एकच धरून वाढवायचं. मी एका वर्षी लांब लोंबीच्या मागं लागलो, लोंबीला दीडशे-पावणेदोनशे दाणे, पण मोजायला बसलो तर खालच्या बाजूचे बरेच पोचट आणि फुटवे पाच-सहाच. झाडाकडं अन्न ठराविकच असतंय, एकीकडं वाढलं की दुसरीकडं घटतंय. म्हणून लोंबीचा नुसता थाट बघू नका, मुठीत धरून खालच्या तिसऱ्या भागातले दाणे दाबून बघा, ते भरलेले असतील तरच ती लोंबी खरी.

क्रॉस आणि एफ-१

क्रॉस करायचं काम एकदा कुणाच्या तरी शेजारी बसून शिकून घेतलेलं बरं. कोल्हापुरात शेंडा पार्कच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा राधानगरीच्या भात संशोधन केंद्रात जाऊन विचारा. थोडक्यात, मादी म्हणून धरलेल्या झाडाच्या उमलायच्या बेतातल्या दाण्यांचा शेंडा संध्याकाळी कात्रीनं तिरका कापायचा, चिमट्यानं आतले सहाच्या सहा परागकोश काढायचे, बटर पेपरची पिशवी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या सुमाराला दुसऱ्या वाणाची उमललेली लोंबी त्याच्यावर झटकायची.

एक युक्ती सांगतो, मादी बुटकं वाण घ्या आणि नर उंच घनसाळ. आयआर-८ च्या घराण्यातला बुटकेपणा मागं राहणारा गुण आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडनं आला तरच दिसतोय, त्यामुळं खरा क्रॉस झाला असेल तर एफ-१ झाड उंच येणार. बुटकं आलं तर समजायचं आईनं स्वतःच्याच परागावर दाणा धरलाय, सरळ उपटून टाकायचं. नर-मादी उलटे घेतले तर खरं-खोटं ओळखताच येत नाही. एफ-१ ची चार-पाच खरी झाडं मिळाली तरी एफ-२ ला गुंठाभर पुरेल एवढं बी सहज निघतंय. एफ-१ वर निवड करायची नसते, सगळी झाडं एकसारखीच असतात.

एफ-२: सगळ्यात महत्त्वाचा गुंठा

इथं सगळं विस्कटतं, आजी-आजोबांचे गुण वेगवेगळ्या मिश्रणानं बाहेर येतात. जेवढी झाडं जास्त तेवढं बरं. एक गुंठा म्हणजे २० बाय १५ वर साधारण ३,३०० चुडा. तरवा विरळ टाका आणि लावण करताना एका चुडीत एकच रोप. हे बायकांना आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर सवयीनं तीन-चार रोपं धरून लावली जातात आणि मग ते झाड एक नव्हे तर चौघांची गर्दी असतेय, निवडीला काहीच अर्थ राहत नाही. रान सपाट, पाणी सगळीकडं सारखं, खत सारखं. चारी बाजूंनी दोन-दोन ओळी बापाच्या किंवा कुठल्याही वाणाच्या लावा, त्या मोजणीत धरायच्या नाहीत.

मग त्या गुंठ्याचे सुतळीनं दहा चौकोन पाडा, आणि प्रत्येक चौकोनातली झाडं फक्त त्याच चौकोनातल्या शेजाऱ्यांशी तोलायची, अख्ख्या रानाशी नाही. अमेरिकेत गार्डनर यांनी १९६१ ला मक्यात हीच रीत दाखवली होती. याचा फायदा काय, तर खताच्या ढिगाची जागा एकाच चौकोनात येते आणि तिथनं सगळी निवड होत नाही. माझ्या पहिल्या वर्षी एवढं एक केलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं.

आता निवड. सप्टेंबरात फुलोरा सुरू झाला की दर तीन दिवसांनी फिरायचं आणि जे झाड फुललं त्याला त्या तारखेच्या रंगाचा दोरा बांधायचा, लाल, पिवळा, निळा, असं. आपल्याकडं पाऊस कधी थांबतोय त्याच्यावर ठरवा कुठल्या रंगाची झाडं पाहिजेत, फार हळवी (लवकर येणारी) घेतली तर ऐन पावसात फुलोरा सापडतो, फार गरवी (उशिरा येणारी) घेतली तर शेवटी पाणी कमी पडतंय. काढणीच्या आधी प्रत्येक चौकोनात बुटकी झाडं बघा, साधारण चौथा हिस्सा म्हणजे ८० च्या आसपास मिळतील. त्यातली करपा पडलेली, लोंबीला हात लावला की दाणे गळणारी, खालचे दाणे पोचट असणारी सोडून द्या, आणि ३० ठेवा. त्यांच्या एकेक लोंबीवर नंबर लावून घरी आणा.

वासाची परीक्षा आमच्याकडं आई घेते. सोपात पोतं टाकून बसायची, पुढं चिठ्ठी बांधलेल्या लोंब्या, एक दाणा सोलायचा, समोरच्या दातानं चावायचा, "ह्याला हाय," "ह्याला न्हाई," आणि मी लिहायचो. वास हाही बहुतेक सुवासिक भातांत मागं राहणारा गुण आहे, त्यामुळं एफ-२ त चारातलं एकच झाड पक्कं वासाचं असतंय. बाकीच्यांच्या लोंबीत काही दाणे वासाचे आणि काही बिनवासाचे निघतात, किंवा सगळेच बिनवासाचे. म्हणून एका दाण्यावर थांबायचं नाही, पाच दाणे वेगवेगळे चावायचे, पहिला बिनवासाचा निघाला की ते झाड तिथंच बाद. एका दिवसात वीस-पंचवीस झाडंच करा, मधे पाणी प्या, चहा-तंबाखू घेतलेल्या तोंडानं करू नका, वास कळेनासा होतोय.

३,३०० मध्ये बुटकं आणि वासाचं असं दोन्ही एकत्र सोळाव्या हिश्श्याला येतंय, म्हणजे दोनशेच्या आसपास झाडं. पण दर चौकोनातली ३० म्हणजे ३०० च झाडं आपण वासाला ठेवली, त्यातला चौथा हिस्सा वासाचा, म्हणून तुमच्या हातात शेवटी सत्तर-पंच्याहत्तर उरतील. आणि आनंदाची गोष्ट अशी की मागं राहणारे गुण एकदा दिसले की ते पक्केच असतात, या झाडांची पोरं परत उंच किंवा बिनवासाची होणार नाहीत. दोन गुण पहिल्याच फेरीत खिशात. घनसाळ लावणाऱ्याला याची किंमत सांगायची गरज नाही.

एफ-३ आणि एफ-४: झाड त्याच्या पोरांवरनं ओळखायचं

एका झाडाचं बी एका ओळीत, पंचवीस चुडा, पुढच्या झाडाचं पुढच्या ओळीत. दर दहा ओळींनंतर एक ओळ चेकची, म्हणजे तुलनेला लावलेल्या माहितीच्या वाणाची, इंद्रायणी म्हणा, भोगावती म्हणा, आणि एक ओळ मूळ घनसाळची. चेक नसेल तर चांगलं की वाईट हे कशाशी तोलणार, आणि रानाचा कुठला कोपरा जोरदार आहे हे पण चेकच्या ओळींवरनंच कळतंय.

आई-बापाकडं बघून नाही तर पोरांकडं बघून झाड ओळखायचं, ही गोष्ट फ्रान्समध्ये विल्मोरिन यांनी बीटात १८५० च्या दशकातच वापरली होती. आणि पद्धत अशी की आधी ओळ निवडा, मग त्या ओळीतलं झाड. खराब ओळीतलं एखादं दणदणीत झाड दिसलं तर मन फार ओढ घेतंय, पण ते सोडा, बहुतेक वेळा शेजारची चूड मेल्यामुळं त्याला जागा मिळालेली असतेय. पंच्याहत्तर ओळींतल्या पंचवीस ओळी ठेवा आणि प्रत्येकीतली तीन-तीन चांगली झाडं घ्या, म्हणजे एफ-४ ला परत पंच्याहत्तर ओळी. बहिणी-बहिणी ओळी एकमेकींच्या शेजारी लावा, घराणं कसं आहे ते डोळ्यासमोर येतंय.

आतून काय होत असतंय, तर भात स्वतःच्याच परागावर धरतंय, परक्या परागाचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळं मिश्र जोड्या (एकाच गुणाच्या, आईकडनं एक आणि बापाकडनं वेगळी आलेली, अशा) दर पिढीला निम्म्यानं कमी होतात. एफ-२ ला निम्म्या, एफ-३ ला पाव, एफ-४ ला साडेबारा टक्के, एफ-५ ला सव्वासहा, एफ-६ ला तीनच्या थोडं वर. म्हणजे ओळीच्या आतली झाडं सारखी होत जातात आणि ओळी-ओळींतला फरक उठून दिसायला लागतोय. म्हणून एफ-२ ला झाडं बघितली, एफ-३ ला ओळ आणि झाड दोन्ही, एफ-५ पासनं फक्त ओळ.

वही इथंच बिघडते. नंबर असा द्या की त्यातच सगळा वंश यावा. १९६६ ला जगभर गेलेल्या आयआर-८ चा पूर्ण नंबर आयआर-८-२८८-३ होता, म्हणजे आठवा क्रॉस, २८८ वी ओळ, तिसरं झाड. एवढं जगप्रसिद्ध वाण पण त्याचं नाव म्हणजे वहीतला नंबरच. टॅग प्लास्टिकचा, पेन्सिलनं लिहिलेला (बॉलपेन पावसात पुसला जातोय), एक ओळीच्या सुरुवातीला आणि एक शेवटाला, आणि रानाचा नकाशा वेगळा घरी. गगनबावड्याकडच्या पावसात टॅग वाहून गेलेले मी बघितलेत, नकाशा होता म्हणून निभावलं.

उन्हाळी भाताला पाणी असेल तर एक पिढी वर्षात पुढं ढकलता येते, नदीकाठच्या लोकांना हे सोपं आहे. पण उन्हाळीत निवड करू नका, नुसतं बी पुढं न्या, कारण खरिपातलं भात खरिपातच ओळखावं लागतंय, आणि काही देशी रक्ताच्या ओळी दिवस मोठा असला की वेळेवर फुलतच नाहीत.

एफ-५ ते एफ-७: आता काटा काढा

एफ-४ मधनं वीसेक ओळी निवडून एफ-५ ला प्रत्येकीच्या तीन-चार ओळी लावा. सारखेपणा बघा: एकदम फुलतात का, उंची एकसारखी आहे का. जी लाईन (म्हणजे एका झाडापासनं आलेलं घराणं) अजून विस्कटतेय ती बाजूला करा. दहा लाईन उरल्या की प्रत्येकीचं सगळं बी एकत्र काढा, आता एकेक झाड वेगळं करायचं काम संपलं. याच्या पुढं पक्क्या लाईनीच्या आत परत परत जड झाडं निवडत बसण्यात काही मिळत नाही, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०३ ला घेवड्यावर दाखवून दिलंय, शुद्ध लाईनीत मोठा दाणा पेरा नाहीतर बारीक, पोरं सारखीच येतात.

एफ-६ ला खरी उताऱ्याची चाचणी. दहा लाईन आणि दोन चेक, अशा बारा. प्रत्येकीचा ३ बाय २ मीटरचा प्लॉट, आणि असे तीन संच रानाच्या वेगवेगळ्या तीन पट्ट्यांत. कुठल्या प्लॉटला कुठली लाईन हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येक पट्ट्याला नव्यानं, आवडत्या लाईनीला चांगली जागा द्यायची हौस मनातनं काढायचा हाच उपाय. छत्तीस प्लॉटना सव्वादोन गुंठ्यांच्या आसपास जागा लागतेय, मधल्या वाटा वेगळ्या. काढणीला प्रत्येक प्लॉटची कडेची एक-एक ओळ सोडून आतल्या १४४ चुडाच कापा, म्हणजे ४.३२ चौरस मीटर. मळणी वेगळी, वजन वेगळं, आणि ओलावा मोजल्याशिवाय वजनाची तुलना करू नका. गिरणीवाल्याकडं ओलावा मोजायचं यंत्र असलं तर त्याला गाठा. वजनाला (१०० वजा ओलावा) नं गुणून ८६ नं भागलं की १४ टक्के ओलावा धरून येणारं वजन मिळतंय. २.४ किलो भात २० टक्के ओलाव्याचं असेल तर ते खरं २.२३ किलो.

तिन्ही पट्ट्यांत एखादी लाईन चेकच्या वर राहिली तर ती खरी. एका पट्ट्यात पहिली आणि दुसऱ्यात नववी आली तर सरासरी कितीही चांगली दिसू दे, तिच्यावर भरवसा ठेवू नका. एफ-७ ला वरच्या चार-पाच लाईन दुसऱ्या गावात पण लावा, एक आमच्यासारख्या डोंगराकडच्या रानात, एक पाणी साठणाऱ्या खालच्या रानात, आणि जो शेतकरी लावेल त्याला लाईनीचं नाव सांगू नका, नुसता नंबर द्या. आणि शिजवून बघा. भात खाऊन बघितल्याशिवाय वाण ठरवणं मला पटत नाही, उतारा आला आणि भात चिकट गोळा झाला तर घरात कोण खाणार.

बाकीच्या पिकांत

नाचणी पण स्वतःच्या परागावरच धरते, निवडीची पद्धत हीच, फक्त फुलं इतकी बारीक की क्रॉस करणं अवघड, म्हणून आपल्या जुन्या मिसळ बियातनं चांगली कणसं वेगळी काढून कणीस-ओळ पद्धतीनं जाणं सोपं. देशी भाताच्या जुन्या मिसळ बियातसुद्धा हे चालतंय आणि दोन-तीन वर्षांत निकाल मिळतोय, ज्याला क्रॉसच्या भानगडीत पडायचं नाही त्यानं इथनंच सुरू करावं. शिरोळ-हातकणंगल्याकडं शाळू करणाऱ्यांनी निवडलेल्या कणसावर फुलोऱ्याच्या आधी कागदी पिशवी घालावी, शाळूत परका पराग बऱ्यापैकी येतो. मक्यात तर एका झाडाचं बी ठेवून चालतच नाही, तिथं शंभरेक तरी कणसं मिसळून ठेवावी लागतात, नाहीतर पुढच्या पिढ्या खुरटतात.

शेवटचं काम, बी टिकवणं

वाण हातात आलं की ते कुणाच्या बापाचं होऊ नये म्हणून नोंदणी करता येते. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवायचा हक्क आहे, आणि वाण वेगळं, एकसारखं आणि टिकाऊ आहे हे दाखवावं लागतंय, म्हणून एफ-२ पासनंची वही फेकू नका. नोंदणी झालेलं वाण क्रॉसला आई-बाप म्हणून वापरायला पण त्या कायद्यात मुभा आहे.

दरवर्षी उभ्या पिकातनं वाणाच्या खऱ्या वर्णनाच्या तीनशे लोंब्या काढा, मळणीच्या ढिगातनं बी उचलू नका, कारण भेसळ मशीनमध्येच होते. त्या लोंब्या वेगळ्या ओळीत लावा, एखादी ओळ उंच किंवा लवकर फुललेली दिसली की ती अख्खी ओळ काढून टाका, उरलेल्याचं बी पुढच्या वर्षीचं मूळ बी. उन्हात वाळवून दाण्याचा ओलावा १२ टक्क्यांवर आणा, दातानं कट्कन तुटला पाहिजे, आणि पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. एका डब्यात एकच लाईन, आणि नंबराची चिठ्ठी एक डब्याच्या आत, एक बाहेर.